कार्ड बदलायचं कधी?

जुनं ग्राफिक्स कार्ड दोन तऱ्हांनी कमी पडतं, आणि या दोन तऱ्हा वेगळ्या काढल्याशिवाय कार्ड बदलायचं की नाही हा प्रश्न सुटत नाही. पहिल्या तऱ्हेत गेम चालतो, पण रखडत चालतो. गर्दीच्या चौकात, स्फोटाच्या धुरात, पावसाच्या दृश्यात चित्र अडखळतं आणि सेटिंग्ज खाली आणाव्या लागतात. दुसऱ्या तऱ्हेत गेम सुरूच होत नाही. पडद्यावर एक चौकट येते, आवश्यक हार्डवेअर नाही असं सांगते आणि गेम बंद होतो. पहिल्याला मंदपणा म्हणू, दुसऱ्याला नकार. दिवाळीचा बोनस खात्यात जमा झाला, सेलच्या जाहिराती सुरू झाल्या की घराघरांत कार्डाचा विषय निघतो. तेव्हा तक्रार बहुतेकदा मंदपणाची असते आणि उपाय मात्र नकारावरचा, म्हणजे पंचवीस-तीस हजारांचा, शोधला जातो. माझं म्हणणं असं आहे की मंदपणावर आधी फुकटचे आणि स्वस्तातले उपाय करावेत, त्यासाठी नव्या कार्डाची घाई करू नये. नकार आला, आणि तो खरोखर कार्डामुळेच आला, तर मात्र अर्धी पायरी न चढता एकदाच नीट खर्च करावा.

हा हिशेब नालासोपाऱ्यातल्या तुळिंजच्या संदर्भात मांडण्याला कारण आहे. जुलै २००९ मध्ये वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा आणि आजूबाजूची गावं मिळून वसई-विरार शहर महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या बारा लाखांच्या वर गेली होती. नालासोपारा पूर्वेचा तुळिंज-आचोळे पट्टा हा त्यातला सगळ्यात दाट वस्तीच्या भागांपैकी एक. इथलं घर म्हणजे बहुधा चाळीतली खोली किंवा वन रूम किचन. भाड्याचं असेल तर अकरा महिन्यांचा करार. वीज महावितरणची. कमावता माणूस चर्चगेटच्या दिशेने पन्नासेक किलोमीटर लोकलने जाऊन येणारा. अशा घरात गेमिंग पीसी असतो तो एकदम विकत घेतलेला नसतो. आधी प्रोसेसर-मदरबोर्ड, मग कुणाकडून तरी घेतलेलं कार्ड, मग मॉनिटर, असा तो दोन-तीन वर्षांत जमत गेलेला असतो. नव्या कार्डाची परीक्षणं मात्र बाजारातल्या सगळ्यात वेगवान प्रोसेसरवर, उत्तम पॉवर सप्लायवर आणि थंड खोलीत घेतलेली असतात. कार्डाकार्डांतला फरक दाखवण्यासाठी ते योग्यच आहे. पण त्या आलेखातला शंभर एफपीएसचा, म्हणजे सेकंदाला शंभर चित्रांचा, दांडा पाहून तेवढेच एफपीएस तुळिंजच्या खोलीत मिळतील असं धरणं हा पहिला गोंधळ.

आता मंदपणाकडे पाहू. स्टीम या गेमविक्रीच्या व्यासपीठाची दर महिन्याची हार्डवेअर पाहणी प्रसिद्ध होते. तीत निम्म्याहून अधिक लोक अजूनही १९२० गुणिले १०८० या रिझोल्यूशनचाच पडदा वापरतात. जुलै २०१६ मध्ये आलेलं जीटीएक्स १०६० हे कार्ड त्या पाहणीत कित्येक वर्षं पहिल्या क्रमांकावर होतं. २०२२ च्या अखेरीस त्याला मागे टाकलं तेही जीटीएक्स १६५० ने, म्हणजे त्याच्याहून वेगवान नसलेल्या स्वस्त कार्डाने. जगभरातला सामान्य खेळणारा हा असा आहे, आणि गेम बनवणाऱ्या कंपन्यांना तो ठाऊक आहे. व्हॅलोरंट या गेमची रायट कंपनीने सांगितलेली शिफारस पाहा: ६० एफपीएससाठी जीटी ७३० आणि १४४ च्या वर जायचं तर जीटीएक्स १०५० टीआय. काउंटर-स्ट्राइक २ सारख्या खेळांत तर कमी सेटिंग्जवर कार्डाआधी प्रोसेसरच दमतो. रात्री दहानंतर मित्रांबरोबर हेच खेळ खेळणाऱ्याने नवं कार्ड घेतलं तर त्याच्या पैशाचा मोठा भाग नुसता पडून राहील.

त्यातही पडदा ६० हर्ट्झचा असेल तर तो सेकंदाला साठच चित्रं दाखवू शकतो. साठ एफपीएसला एका चित्राच्या वाट्याला साधारण १६.७ मिलिसेकंद येतात, १४४ ला ६.९. कार्डाने १४० चित्रं तयार केली तर माउसची हालचाल थोडी लवकर उमटते हे खरं, पण डोळ्यांना दिसणारी सफाई पडदा बदलल्याशिवाय येत नाही. जुनं कार्ड ज्याला हलक्या खेळांत शंभरच्या वर एफपीएस देतं आणि पडदा ज्याचा साठचा आहे, त्याने आधी १४४ किंवा १६५ हर्ट्झचा मॉनिटर घ्यावा. तो कार्डाहून बराच स्वस्त पडतो, आणि पुढे मदरबोर्ड बदला, कार्ड बदला, तो टिकून राहतो.

मंदपणाचं मूळ कुठे आहे हे शोधायला दुकानदार लागत नाही. एमएसआय आफ्टरबर्नर नावाचा फुकट प्रोग्राम घ्यावा, त्याने पडद्याच्या कोपऱ्यात आकडे लावावेत आणि नेहमीचा गेम जिथे अडखळतो त्याच जागी दहा मिनिटं खेळावं. कार्डाचा वापर ९७-९९ टक्क्यांवर चिकटलेला असेल तर कार्ड पूर्ण जोर लावतंय, अडचण त्याची आहे. वापर साठ-सत्तर टक्क्यांवर लोंबकळत असेल आणि एफपीएसवर कुठली मर्यादा लावलेली नसेल, तर कार्ड कुणाची तरी वाट पाहतंय, आणि तो कुणी म्हणजे बहुधा प्रोसेसर. दुसरी चाचणी याहून सोपी. गेममधलं रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणावं. एफपीएस भरभर वाढले तर कार्ड कमी पडत होतं. तिथल्या तिथे राहिले तर कार्डाचा दोष नाही, आणि नवं कार्ड लावूनही आकडा तिथेच राहील. मग एकच ८ जीबीची रॅमची पट्टी लावलेली आहे का ते पाहावं. दुसरी तशीच पट्टी लावली की प्रोसेसरला मेमरीचे दोन मार्ग मिळतात, आणि काही खेळांत नुसत्या तेवढ्याने दहा-पंधरा टक्के, कधी त्याहून जास्त फरक पडतो. मधूनमधून बसणारा हिसका तर अनेकदा एकूण रॅम अपुरी असल्याचाच असतो. रॅमचा छापील वेग बायोसमध्ये एक्सएमपी सुरू केल्याशिवाय मिळत नाही, तेही तपासावं. आणि मॉनिटरची केबल कार्डाच्या पोर्टात आहे की मदरबोर्डाच्या, हे एकदा वाकून बघावंच. घर बदलल्यावर पीसी जोडताना ही चूक हमखास होते, आणि मग हजारोंचं कार्ड कॅबिनेटात बसून राहतं आणि गेम प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर चालतो.

उष्णता हा आपल्याकडचा खास मुद्दा. वसईचा किनारा जवळ, हवा दमट, खिडकीबाहेर कुठे ना कुठे बांधकाम, आणि पीसी बहुधा पलंग आणि भिंत यांच्या बेचक्यात ठेवलेला. जीटीएक्स १० मालिकेची कार्डं तापमान ८३ अंशांच्या आसपास गेलं की आपणहून वेग उतरवतात. पंख्यांच्या पात्यांवर ओलसर धुळीचा थर बसलेला असेल, पाच-सहा वर्षांत थर्मल पेस्ट वाळून खडखडीत झालेली असेल, तर हीच वेळ विसाव्या मिनिटाला येते. गेम सुरू केल्यावर चांगला आणि अर्ध्या तासाने खराब चालत असेल तर कार्ड जुनं झालेलं नाही, तापलेलं आहे. मऊ ब्रश, ब्लोअर, थर्मल पेस्टची लहान ट्यूब आणि कॅबिनेटला पुढच्या बाजूने एक पंखा, एवढ्यात काम होतं. कार्ड उघडायची भीती वाटत असेल तर दुरुस्तीवाल्याकडून करून घ्यावं. पैसे काही शेकड्यांत जातात.

मंदपणावरचा सगळ्यात मोठा फुकटचा उपाय गेल्या काही वर्षांत सॉफ्टवेअरमधून आला. एएमडीने २०२१ मध्ये एफएसआर आणलं. गेम कमी रिझोल्यूशनवर काढायचा आणि मग चित्र मोठं करायचं ही ती युक्ती, आणि तिला एएमडीचंच कार्ड लागत नाही. एनव्हिडियाच्या जुन्या जीटीएक्सवरही ती चालते. १०८० च्या पडद्यावर चित्र किंचित मऊ होतं हे मान्य करायला हवं. तारा, गवत, दूरची झाडं यांच्या कडा थरथरतात. आरटीएक्स २० मालिकेपासूनच्या कार्डांना एनव्हिडियाचं डीएलएसएस मिळतं. जानेवारी २०२५ मध्ये त्याची चित्र मोठं करण्याची पद्धत सुधारली, आणि ती सुधारणा सहा वर्षांपूर्वीच्या आरटीएक्स २०६० लाही मिळाली. म्हणजे २०१९ मध्ये घेतलेल्या कार्डाचं चित्र २०२५ मध्ये पैसे न भरता सुधारलं. ज्याच्याकडे आरटीएक्स २०६० किंवा त्यापुढचं कार्ड आहे आणि पडदा १०८० चा आहे, त्याने या दिवाळीत कार्डाचा विचार मनातून काढून टाकावा असं मी बेधडक म्हणेन.

नकाराचं प्रकरण निराळं आहे, कारण तिथे सेटिंग्ज खाली आणायची सोयच उरत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये आलेला ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ आणि मे २०२५ मध्ये आलेला ‘डूम: द डार्क एजेस’ या दोन खेळांनी रे ट्रेसिंगचं हार्डवेअर सक्तीचं केलं. दोघांच्याही किमान हार्डवेअरच्या यादीत आरटीएक्स २०६० सुपर आणि आरएक्स ६६०० ही कार्डं आहेत, दोन्ही ८ जीबीची. खोलीतला प्रकाश कुठून येतो, सावली कुठे पडते, हे आधी कलाकार हाताने मांडून ठेवत. आता ते गेम चालू असताना मोजलं जातं, आणि त्या मोजणीसाठीचा भाग जीटीएक्स कार्डात बसवलेलाच नाही. जीटीएक्स १६६० सुपर हलक्या खेळांत आजही छान पळतं, पण या दोन खेळांपुढे त्याचा वेग कामाचा नाही. अर्थात सगळ्यांनीच ही वाट धरली असं नाही. मार्च २०२५ मधल्या ‘असासिन्स क्रीड शॅडोज’ने तेच काम सॉफ्टवेअरमधून करायची सोय ठेवली आणि किमान यादीत जीटीएक्स १०७० ला जागा दिली. म्हणून नकार हा नेहमी विशिष्ट गेमचा असतो. ‘नवे गेम चालत नाहीत’ हे वाक्य पुरेसं नाही. कुठला गेम, आणि तो आपल्याला खरंच खेळायचा आहे का, हे नाव घेऊन सांगता आलं पाहिजे.

नकाराकडे झुकणाऱ्या आणखी दोन गोष्टी आहेत. एक मेमरी. चार जीबीच्या कार्डावर आजचे मोठे गेम चालू झाले तरी भिंतींवरची नक्षी, चेहरे, रस्ते उशिरा उमटतात किंवा चिखलासारखे राहतात, आणि मेमरी ओसंडली की सरासरी एफपीएस ठीक दिसूनही खेळताना दचके बसतात. टेक्स्चर खाली आणून हे काही काळ निभावतं. दुसरी गोष्ट ड्रायव्हर. जीटीएक्स ९०० आणि १० मालिकांसाठी नव्या गेमबरोबर येणारे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ नंतर थांबतील आणि त्यापुढे ऑक्टोबर २०२८ पर्यंत फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या येतील, असं एनव्हिडियाने २०२५ च्या जुलैअखेरीस जाहीर केलं. जीटीएक्स १६ मालिका यात नाही. ही बातमी ऐकून १०६० वाले घाबरले, पण त्याने आज चालणारा कुठलाही गेम उद्या बंद पडत नाही. पुढे येणारा एखादा गेम मात्र नव्या ड्रायव्हरशिवाय उघडणार नाही, आणि तेव्हा तो नकार खरा असेल.

आणि काही नकार कार्डामुळे येतच नाहीत. विंडोज १० चं नियमित समर्थन १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलं. विंडोज ११ ला अधिकृतपणे इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा एएमडीचा रायझन २००० मालिकेपासूनचा प्रोसेसर लागतो. विंडोज ११ वर व्हॅलोरंट टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या सोयी मागतो. ऑक्टोबर २०२५ मधल्या ‘बॅटलफील्ड ६’लाही सिक्युअर बूट हवंच. चौथ्या पिढीच्या आय५ वर चालणाऱ्या पीसीला आरटीएक्स ५०६० लावलं तरी या अटी पुऱ्या होत नाहीत. नाकापेक्षा मोती जड होतो तो असा. त्या माणसाने कार्डासाठी जमवलेले पैसे मदरबोर्ड, प्रोसेसर आणि रॅमवर घालावेत आणि जुनं कार्ड सध्या तसंच ठेवावं. याउलट ज्याच्याकडे एएमडीचा बी४५० मदरबोर्ड आहे, त्याचं नशीब चांगलं. बायोस अद्ययावत केला की त्याच सॉकेटात रायझन ५ ५६०० बसतो आणि सगळा पीसी न बदलता कार्डाला साजेसा प्रोसेसर मिळतो.

विजेचा विचार दोन अंगांनी करावा लागतो. पहिलं अंग एसएमपीएसचं, म्हणजे पॉवर सप्लायचं, आणि इथे खरा धोका आहे. कॅबिनेटबरोबर येणाऱ्या एसएमपीएसवर मोठ्या अक्षरांत ४५० वॅट लिहिलेलं असतं. ते वाचून थांबू नये. बाजूच्या लेबलवर १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपियर आहेत ते पाहावं. तिथे १८ असतील तर बारा गुणिले अठरा, म्हणजे २१६ वॅट. कार्ड आणि प्रोसेसर यांचा जवळजवळ सगळा भार याच रकान्यावर पडतो. आरटीएक्स ४०६० चे ११५ वॅट, प्रोसेसरचे पाऊणशे-शंभर वॅट, शिवाय पंखे आणि हार्ड डिस्क, आणि त्यावर क्षणभराचे उसळते झटके. मग गेमच्या ऐन मध्यात पीसी बंद होतो आणि शिव्या कार्डाला बसतात. कार्डाला आठ पिनांची केबल हवी आणि एसएमपीएसमध्ये ती नसेल, तर जुन्या मोलेक्स केबलला जोडणी लावून काम चालवू नये. मदरबोर्डाच्या स्लॉटमधून ७५ वॅट, सहा पिनांतून ७५ आणि आठ पिनांतून १५० वॅट हे प्रमाण ठरलेलं आहे. बारीक तारेच्या जोडणीतून १५० वॅट ओढले की प्लास्टिक वितळतं. वसई-विरारमध्ये पावसाळा आणि वीज यांचं नातं सगळ्यांना माहीत आहे. जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली जाऊन लोकल बंद पडल्या, तेव्हा परिसरातली वीजही बराच काळ गेली होती. तळमजल्यावरच्या खोलीत कॅबिनेट जमिनीवर ठेवू नये. साधा ६०० व्हीएचा यूपीएस सुमारे ३६० वॅटच पेलतो, हेही नवं कार्ड निवडताना लक्षात ठेवावं. म्हणून कार्डाच्या बजेटमध्ये चांगल्या एसएमपीएसचे पैसे आधी बाजूला काढावेत आणि उरलेल्यात कार्ड बसवावं.

दुसरं अंग बिलाचं. नवी कार्डं वीज कमी खातात, त्यामुळे पैसे वसूल होतात, असा युक्तिवाद विकणारे करतात. तो तपासून पाहू. जुनं आरएक्स ५८० हे १८५ वॅटचं, आरटीएक्स ४०६० हे ११५ चं. फरक ७० वॅट. रोज चार तास खेळलं तर महिन्याला ८.४ युनिट. महावितरणच्या घरगुती दरात शंभर युनिटांपर्यंतचा टप्पा आणि त्यापुढचा टप्पा यांत जवळजवळ दुपटीचा फरक आहे, म्हणून ही बचत वरच्या, म्हणजे साधारण अकरा रुपयांच्या दराने धरू. महिन्याला नव्वदेक रुपये, वर्षाला अकराशे. तीस हजारांचं कार्ड या बचतीतून वसूल व्हायला सत्तावीस वर्षं लागतील. खोली कमी तापते हा फायदा मात्र खरा आहे. कार्ड जेवढे वॅट खातं तेवढी उष्णता दहा बाय दहाच्या खोलीत सोडतं, आणि मे महिन्यात त्याच खोलीत इतरांनाही झोपायचं असतं.

समजा, सगळं तपासून झालं आणि नकार कार्डाचाच निघाला. आता खर्च किती आणि कशावर? आरटीएक्स ५०६० मे २०२५ मध्ये २९९ डॉलरला आलं. डॉलर ८५ रुपयांना धरला तर साधारण २५,४००, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे जवळपास तीस हजार. तीन वर्षं वापरायचं आणि आठवड्याला आठ तास खेळायचं तर तासाला चोवीस रुपये पडतात. लोकलच्या प्रवासाने दमलेला माणूस आठवड्यात तीनच तास खेळत असेल तर तोच तास चौसष्ट रुपयांना पडतो. हा आकडा आपला आपण काढून पाहावा. इथे सगळ्यात वाईट निर्णय म्हणजे पैसे कमी म्हणून छोटी उडी घेणं. १०६० विकून आरटीएक्स ३०५० घेणाऱ्याला रे ट्रेसिंगचं हार्डवेअर मिळतं, वेगात थोडी भर पडते, पण ज्या खेळांसाठी बदल केला त्यांच्या किमान यादीखालीच तो राहतो. त्यातही ३०५० नावाची दोन कार्डं आहेत. ६ जीबीचं कार्ड ७० वॅटचं, बहुधा वेगळी केबल न लागणारं आणि कमी ताकदीचं. ज्याचा एसएमपीएस बदलताच येत नाही त्याच्यापुरतं ते ठीक. आरटीएक्स ३०६० चीही पुढे ८ जीबीची मंद आवृत्ती निघाली, म्हणून घेताना १२ जीबी स्पष्ट म्हणावं. ३०६० ला १२ जीबी दिल्यावर ४०६० आणि ५०६० ला ८ जीबीवर बसवणं ही कंपनीची कंजूषी आहे असं मला वाटतं, आणि तिची झळ पाच-सहा वर्षं एकच कार्ड वापरणाऱ्याला बसते. श्रीमंत बाजारात लोक दोन वर्षांत कार्ड बदलून मोकळे होतात. म्हणून १२ जीबीचं इंटेल आर्क बी५८० किंवा १६ जीबीचं आरएक्स ९०६० एक्सटी ही नावं आपल्या यादीत असावीत. बी५८० बद्दल एक इशारा: मदरबोर्डात रिसाइझेबल बार ही सोय नसेल किंवा प्रोसेसर जुना असेल तर ते कार्ड फार मागे पडतं. तसंच जुन्या पीसीआय ३.० मदरबोर्डावर आरएक्स ६५०० एक्सटी कधीच घेऊ नये. त्याला चारच लेन आहेत आणि मेमरीही चारच जीबी.

यावर पहिला आक्षेप येईल तो भावाचा. थांबलो तर महाग होणार, मग आत्ताच का घेऊ नये? या आक्षेपात तथ्य आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांनी मेमरीची मागणी एवढी वाढवली की २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव भडकले, आणि मायक्रॉनने डिसेंबरमध्ये क्रुशल हा सामान्य ग्राहकांसाठीचा व्यवसाय बंद करत असल्याचं जाहीर केलं. कार्डावरही मेमरीच असते. पण मागचा अनुभव दुसरी बाजूही दाखवतो. २०२१ मध्ये क्रिप्टोच्या खाणकामामुळे कार्डं छापील किमतीच्या दुपटीला गेली. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमने कार्डांवरचं खाणकाम थांबवलं आणि बाजारात जुन्या कार्डांचा पूर आला. भाव चढेल की पडेल याचा अंदाज बांधून गरज नसलेली वस्तू घेणं ही सट्टेबाजी झाली. नकार आलेलाच असेल तर मात्र भाव उतरण्याची वाट पाहत वर्ष घालवू नये, हे मला मान्य आहे.

दुसरा आक्षेप पुढच्याचा: जीटीए ६ येतोय, त्यासाठी तयारी नको का? रॉकस्टारने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केलेली तारीख १९ नोव्हेंबर २०२६ ची आहे, आणि ती प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्ससाठी. त्या घोषणेत पीसीचं नाव नाही. जीटीए ५ कन्सोलवर २०१३ मध्ये आला आणि पीसीवर एप्रिल २०१५ मध्ये. जो गेम पीसीवर जाहीर झालेला नाही, ज्याची किमान यादी कुणी पाहिलेली नाही, त्याच्यासाठी आज कार्ड घेणं म्हणजे हमीचा काळ कपाटात ठेवून संपवणं.

तिसरा आक्षेप कमाईचा, आणि त्यापुढे माझा युक्तिवाद मागे सरतो. नालासोपारा-विरारमध्ये लग्नाचे व्हिडिओ कापणारे, यूट्यूबसाठी काम करणारे, ब्लेंडर शिकणारे बरेच आहेत, आणि त्यांचा पीसी रात्री गेमिंगचा आणि दिवसा कामाचा असतो. तिथे मंदपणाचीही किंमत रुपयांत निघते. एक रेंडर चार तासांऐवजी दीड तासात झाला तर दुसरं काम हातात घेता येतं. अशा माणसाने गेमचे आलेख न पाहता आपण वापरतो त्या सॉफ्टवेअरला काय लागतं ते पाहावं. तिथे मेमरी बहुधा वेगाहून मोलाची ठरते, आणि ब्लेंडरपुरतं बोलायचं तर एनव्हिडियाचं पारडं जड आहे. त्याने जीएसटी क्रमांकाचं पक्कं बिल घ्यावं. नोंदणी असेल तर कर वळता करून घेता येतो.

चौथा आक्षेप मला सगळ्यात जवळचा वाटतो. करमणुकीचा एवढा हिशेब कशाला? कोणी फिरायला जातो, कोणी कार्ड घेतो. हे खरंच आहे, आणि कष्टाने कमावलेल्या पैशांतून कुणी आपल्या आवडीचं काही घेत असेल तर त्याला कारणं विचारण्याचा कुणालाच अधिकार नाही. पण हप्त्यावर कार्ड घेऊन, ते लावल्यावर गेम पूर्वीसारखाच अडखळतो हे पाहणाऱ्याचा आनंद हिरावला जातो. हिशेब त्याच्यासाठी आहे. चाचणीला एक संध्याकाळ लागते आणि पैसा लागत नाही.

घ्यायचं ठरलं की जागा कोणती? ग्रँट रोड स्थानकाजवळचा लॅमिंग्टन रोड अजूनही भाव समजून घेण्यासाठी चांगला, फक्त रविवारी जाऊ नये. बरीच दुकानं बंद असतात. बिनबिलाचा भाव ऐकून भुलू नये. हमी सिरियल नंबरवर चालते आणि अडचण आली की बिलच दाखवावं लागतं. जुनं कार्ड घेणाऱ्याने ते विकणाऱ्याच्या घरी, चालू पीसीवर, निदान अर्धा तास गेम चालवून पाहावं आणि जीपीयू-झेड हा फुकट प्रोग्राम उघडावा. जुन्या चिपवर खोटं नाव चढवून जीटीएक्स १०५० टीआय म्हणून विकलेली कार्डं बाजारात फिरतात, आणि हा प्रोग्राम त्यांच्या नावाआधी ‘फेक’ असं दाखवतो. आरएक्स ५८० घेताना शेडर्सचा रकाना पाहावा. तिथे २३०४ हवेत. २०४८ असतील तर ते चीनसाठी काढलेलं कमी ताकदीचं कार्ड आहे आणि त्याचा भाव त्याप्रमाणे कमी व्हायला हवा. आपलं जुनं कार्ड विकताना हीच पारदर्शकता आपणही ठेवावी: खोका, बिल, तापमानाचा आकडा, पेस्ट कधी बदलली ते. ज्या १०६० ला ‘डूम’ने नाकारलं, ते व्हॅलोरंट खेळू पाहणाऱ्या शेजारच्या चाळीतल्या मुलाला आजही शंभरच्या वर एफपीएस देईल. त्याच्या एसएमपीएसला सहा पिनांची केबल आहे ना, एवढं मात्र पैसे घेण्याआधी विचारावं.